जुने जर्मन पोर्सेलिन घेताना: तपासणीचा क्रम, खुणांचे अर्थ आणि नेहमीच्या चुका

पोर्सेलिनची जुनी पुतळी हातात आली की बहुतेक जण सगळ्यात आधी ती उलटी करतात. बुडावर निळ्या दोन तलवारी दिसल्या की ‘मायसेन’ (त्याच नावाच्या जर्मन गावातला प्रसिद्ध पोर्सेलिन कारखाना; दोन तलवारी ही त्याची खूण) म्हणून मोकळे होतात, आणि तपासणी तिथेच थांबते. जितके पैसे वाया जातात, त्यातले बरेचसे या एका सवयीमुळे जातात. दोन रेघा एकमेकींवर काढायला कारागीर लागत नाही. नक्कल करणारा सगळ्यात आधी तेच करतो. शिवाय खूण एकदा पाहिली की नजर फितूर होते, आणि मानेवरची दुरुस्ती समोर असूनही दिसेनाशी होते.

म्हणून खालच्या क्रमात खूण सहाव्या टप्प्यावर येते. आधी माती, मग मोडतोड, मग रंग आणि सोने, आणि त्यानंतर खूण. हा क्रम मायसेनच्या पुतळ्यांना जितका लागू आहे तितकाच बर्लिन, न्यिम्फेनबुर्ग, ड्रेस्डेन किंवा थुरिंगिया या जर्मन ठिकाणांच्या कपबश्या, फुलदाण्या आणि थाळ्यांनाही.

तयारी: सोबत काय न्यायचे

- दहापट मोठे दाखवणारे भिंग (सोनार वापरतात तसे).
- छोटी, पण झोत एकवटणारी एलईडी बॅटरी. मोबाइलचा टॉर्च पसरट पडतो. बारीक चीर त्यात लपते.
- ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी. बाजारातल्या स्वस्त, जांभळा उजेड पाडणाऱ्या बहुतेक बॅटऱ्या ३९५ च्या असतात. त्यांच्या जांभळ्या उजेडात दुरुस्तीची चमक बुडून जाते.
- मोजपट्टी, आणि उंची अचूक घेण्यासाठी एक छोटा गुण्या.
- जाड टॉवेल, वही, पेन्सिल.

अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, गळ्यातली लांब साखळी काढून ठेवा. सुती हातमोजे घालू नका. ते झिलईवर घसरतात आणि पाकळ्यांत अडकतात. हात धुऊन कोरडे करा, तेवढे पुरे.

जायच्या आधी एक काम घरी करा. जी वस्तू पाहायची आहे तिचे मूळ मॉडेल माहीत असेल, तर संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून तिची उंची आणि चारही बाजूंची छायाचित्रे काढून घ्या. ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यातला संग्रह आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या दोन ठिकाणी मोजमापांसह नोंदी मिळतात. पाचव्या टप्प्यात या उंचीचा उपयोग होतो.

टप्पा १: उचलणे

टेबलावर टॉवेल पसरा. झाकण असेल तर आधी झाकण काढून वेगळे ठेवा. मग एक हात बुडाखाली आणि दुसरा पाठीशी धरून वस्तू उचला. कपाचा कान, किटलीची चोच, पुतळीचा हात, झाडाची फांदी यांना धरून कधीच उचलू नका. जिथे जोड असतो तिथेच जुनी दुरुस्ती असते, आणि जुना सरस केव्हा सुटेल याचा नेम नसतो.

> सावधान: विक्रेत्याला विचारल्याशिवाय वस्तू पुसू नका, पाण्याचा थेंबही लावू नका. बुडाच्या खाचेतला मळ हाही पुरावा आहे.

टप्पा २: हातभर अंतरावरून पाहणे

भिंग अजून खिशातच ठेवा. वस्तू टेबलावर ठेवून भोवती फिरा. पुतळी एका बाजूला झुकली आहे का? हात नैसर्गिक वळणाने आला आहे की नंतर चिकटवल्यासारखा आखूड आहे? पुतळ्यांची मॉडेले घडवणारा मूर्तिकार योहान योआखिम केंडलर १७३१ मध्ये मायसेनला आला. त्याच्या मॉडेलांत मानेपासून टाचेपर्यंत एकच पिळदार हालचाल असते, आणि पाठीकडची बाजूही समोरच्याइतकीच विचारपूर्वक घडवलेली असते. उशिराच्या नकलांत पाठ सपाट, चेहरे गोड आणि एकसारखे. हा फरक शब्दांत पकडता येत नाही, पण पाचपन्नास अस्सल वस्तू काचेआडून नीट पाहिल्या की डोळ्यात बसतो. तेवढा वेळ द्यावा. त्याला पर्याय नाही.

टप्पा ३: माती आणि झिलई

जर्मन पोर्सेलिन जवळपास सगळे ‘कठीण’ जातीचे. केओलिन (पांढरी माती), फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ (दोन्ही खनिजे) यांचे मिश्रण सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजले की माती आणि झिलई एकजीव होतात. या एकजीवपणातून तीन तपासण्या निघतात.

१. उजेड आरपार जातो का? बॅटरी थाळीच्या मागे किंवा पुतळीच्या पातळ भागामागे, म्हणजे पान, पाकळी किंवा टोपीच्या कडेमागे धरा. उजेड झिरपला पाहिजे. जाड बैठकीतून तो येणार नाही. त्यावरून घाबरू नका.

२. झिलईवर जाळी आहे का? सगळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर शंका घ्या. कठीण पोर्सेलिनची झिलई सहसा अशी तडकत नाही. ती वस्तू बहुधा साध्या पांढऱ्या भाजक्या मातीची असते.

३. टवका उडालेल्या जागी काय दिसते? भिंगातून पाहा. कठीण पोर्सेलिनचा मोडलेला भाग काचेसारखा घट्ट आणि चकचकीत दिसतो. झिलई कुठे संपली आणि माती कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. भाजक्या मातीत झिलईचा पापुद्रा वेगळा दिसतो आणि आतला भाग खडूसारखा भुसभुशीत.

टप्पा ४: दुरुस्ती शोधणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. साधी पुतळी असेल तर पंधरा मिनिटे, फुलापानांनी भरलेला समूह असेल तर अर्धा तास. घाई करणारा विक्रेता असेल तर वस्तू खाली ठेवून निघा.

आधी ठिकाणे ठरवून घ्या: मान, मनगटे, बोटे, टोपीची कड, हातातली वस्तू (बासरी, टोपली, तलवार), झाडाचा बुंधा पायाला मिळतो ती जागा, कपाचा कान दोन्ही टोकांना, किटलीच्या चोचीचे टोक, झाकणावरची गाठ, थाळीची कड. मग प्रत्येक ठिकाणी हाच क्रम पाळा.

अ) तिरपा उजेड. बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. अस्सल झिलई पाण्यासारखी एकसलग चमकते. दुरुस्तीवरचा रंग किंचित मंद दिसतो, किंवा फवारलेला असेल तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत.

आ) बोटाचे टोक. डोळे मिटून मानेवरून बोट फिरवा. पोर्सेलिन थंड आणि कठीण लागते. राळ आणि रंगाचा थर तुलनेने उबदार आणि मऊ. मानेवर थंड-उबदार-थंड असा बदल जाणवला, तर डोके एकदा निघून परत बसवलेले आहे असे धरून चाला.

इ) भिंग. झिलईवर जागोजागी अगदी बारीक छिद्रे आणि काळे ठिपके असतात. एखाद्या पट्ट्यात ते अचानक नाहीसे होत असतील, तर वर रंग चढवलेला आहे. कधी त्या रंगात ब्रशचा केस अडकलेला सापडतो. याहून स्पष्ट कबुली मिळत नाही.

ई) मागून उजेड. कप, थाळी, किटली यांच्या आतून बॅटरी फिरवा. केसासारखी चीर काळ्या रेघेसारखी उठून दिसते. वरून रंगवलेला भाग उजेड अडवतो आणि गडद डागासारखा दिसतो.

उ) अतिनील उजेड, अंधारात. राळ आणि नंतरचे रंग बऱ्याचदा दुधट, निळसर किंवा पिवळट चमकतात, आणि भोवतीच्या झिलईपासून वेगळे पडतात. पण सगळेच रंग चमकत नाहीत. म्हणून ‘अतिनीलमध्ये काही दिसले नाही’ म्हणजे ‘दुरुस्ती नाही’ असा अर्थ काढू नका.

ऊ) टिचकी. ही फक्त कप, वाडगा, थाळी यांसाठी. तळहातावर तोलून नखाने हलकी टिचकी मारा. घंटेसारखा लांबणारा नाद आला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. पुतळ्यांना टिचकी मारून काहीच कळत नाही.

> तपासा: भट्टीतली चीर की नंतरचा तडा? भट्टीत पडलेल्या चिरेच्या कडा गोलसर असतात आणि झिलई आत ओघळलेली असते. नंतरच्या तड्याच्या कडा धारदार. आत चहाचा, मळाचा तपकिरी डाग. भट्टीतली चीर वस्तूबरोबरच जन्मलेली असल्यामुळे संग्राहक ती बऱ्यापैकी स्वीकारतात. नंतरचा तडा किंमत पाडतो.

लेसच्या झग्यातल्या पुतळ्यांबद्दल एक गोष्ट. ही लेस म्हणजे खरे सुती जाळीदार कापड पोर्सेलिनच्या पातळ मातीत बुडवून लावलेले असते. भट्टीत कापड जळून जाते आणि मातीची पोकळ जाळी उरते. म्हणून ती बोटाच्या स्पर्शानेही तुटते. जुन्या लेसमध्ये थोडी तूट असणारच. शंभर वर्षांची म्हणून दाखवलेली लेस एका ठिकाणीही मोडलेली नसेल, तर वय पुन्हा तपासा. टाचणी टोचून पाहणे किंवा ॲसिटोन लावणे हे प्रकार दुकानात करू नका. दुसऱ्याच्या वस्तूचे नुकसान होते, आणि ते भरून द्यावे लागते.

टप्पा ५: रंग, सोने आणि उंची

रंग भिंगाखाली पाहा. हाताने रंगवलेल्या फुलात ब्रशचा फटकारा सुरू होतो तिथे गडद आणि संपतो तिथे विरळ असतो. रंग छोट्या ठिपक्यांचा बनलेला दिसला, वर्तमानपत्रातल्या चित्रासारखा, तर ती छापील चिकटचित्राची सजावट आहे. कधी बाह्यरेषा छापील आणि आतला रंग हाताचा असतो. ती फसवणूक असेलच असे नाही, पण हाताने रंगवल्याची किंमत देऊ नका.

सोन्यावरून काळ ओळखायला मोठी मदत होते. १८व्या शतकातले सोने जाडसर, मऊ चमकेचे, घासून झळाळी आणलेले. भट्टीतून थेट आरशासारखे चकचकीत निघणारे पातळ सोने १८३० च्या आसपास मायसेनमध्येच विकसित झाले. तेव्हा ‘१७५० चा कप’ आणि त्यावर पितळी झाक असलेले पातळ, आरशासारखे सोने, हे जमत नाही. एक तर कप उशिराचा, नाही तर सोने नंतर चढवलेले.

आता उंची. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि तरी ती कोणी करत नाही. पोर्सेलिन भट्टीत सुमारे एक षष्ठांश आक्रसते. मूळ साचा हे गणित धरूनच मोठा केलेला असतो. पण नक्कल करणारा तयार पुतळीवरून साचा काढतो, आणि त्याची पुतळी पुन्हा एकदा आक्रसते. मूळ १८ सेंटिमीटर असेल तर नक्कल साधारण १५ भरते. बारकावेही बुजतात: बोटांमधल्या फटी भरतात, केसांच्या बटा एकत्र होतात. घरून लिहून आणलेल्या उंचीशी ताडून पाहा. काही मिलिमीटरचा फरक हाताने घडवलेल्या कामात असतोच. दोनतीन सेंटिमीटरचा नसतो. अपवाद एकच. काही मॉडेले कारखान्यानेच दोन आकारांत काढली आहेत, म्हणून दोन्ही मापे माहीत असू द्या.

> सावधान: मॉडेलचे वर्ष म्हणजे वस्तूचे वर्ष नव्हे. केंडलरच्या काळातला माकडांचा वाद्यवृंद मायसेन आजही बनवते. ‘केंडलरचे मॉडेल’ हे वाक्य खरे असूनही वस्तू विसाव्या शतकातली असू शकते.

टप्पा ६: आता खूण

वस्तू टॉवेलवर आडवी करा. तलवारी वाचण्याआधी त्या झिलईच्या खाली आहेत की वर, ते ठरवा. मायसेनची खूण कोबाल्टच्या निळ्या रंगात झिलईखाली काढतात. झिलई असलेल्या बुडावर तिरपा उजेड टाकला तर रेघांवरून चमक न तुटता सरकते आणि नखाला काही लागत नाही. रेघ नखाला अडली तर ती वरून काढलेली आहे. पुतळ्यांच्या बिनझिलईच्या बुडावर निळा रंग थोडा पसरट दिसतो, हे स्वाभाविक. १८व्या शतकातल्या पुतळ्यांवर खूण बऱ्याचदा बुडाऐवजी बैठकीच्या मागच्या कडेला, अगदी छोटी असते.

काळ ठरवायला हे बदल उपयोगी पडतात:

- तलवारींचा वापर १७२२-२३ च्या सुमारास सुरू.
- १७६३ ते १७७४: मुठींच्या मध्ये ठिपका.
- १७७४ ते १८१४: मुठींजवळ तारा. कारखान्याचा तेव्हाचा प्रमुख मार्कोलिनी याचा काळ.
- १९व्या शतकात आणि १९२४ पर्यंत: मुठींच्या टोकांना गाठी.
- १९२४ ते १९३४: ठिपका वर, तलवारींच्या टोकांच्या मध्ये.

दोन ठिपक्यांची गल्लत फार होते. मुठींमधला आणि टोकांमधला ठिपका यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे. आधी मुठी कोणत्या बाजूला आहेत ते नक्की करा. वस्तू उलटी धरली की खूणही उलटी दिसते.

तलवारींवर झिलई कापून मारलेल्या आडव्या रेघा दिसल्या तर थांबा. कारखान्याने ती वस्तू दुय्यम दर्जाची म्हणून किंवा पांढरी, न रंगवताच विकली होती. अशा वस्तूवर भरगच्च रंगकाम असेल तर ते बाहेरच्या रंगशाळेत झालेले असण्याची शक्यता मोठी. रेघा लपवण्यासाठी कोणी त्या भरून वर लेप देतो. बुडावर अतिनील उजेड टाकायचा तो याचसाठी.

तलवारींसारख्या दिसणाऱ्या आणि नावाने फसवणाऱ्या खुणा

‘ड्रेस्डेन’ हे एका कारखान्याचे नाव नाही. त्या शहरात १९व्या शतकात अनेक रंगशाळा होत्या. त्या कोरे पोर्सेलिन विकत घेऊन रंगवत. हेलेना वोल्फसोनच्या रंगशाळेने राजा ऑगस्टसची ‘एआर’ (ऑगस्टस रेक्स) ही मायसेनच्या सुरुवातीच्या वस्तूंवरची गुंफलेली अक्षरे वापरली, आणि मायसेनने कोर्टात जाऊन ती थांबवली. १८८३ मध्ये चार रंगशाळांनी निळा मुकुट आणि खाली ‘ड्रेस्डेन’ अशी खूण नोंदवली. ‘एआर’ दिसले म्हणून वस्तू १७२५ ची समजणे ही फार महागात पडणारी चूक आहे. या रंगशाळांचे चांगले काम घ्यावे, आनंदाने घ्यावे, पण ड्रेस्डेनच्या भावाने.

थुरिंगियातल्या वालेनडॉर्फचा ‘डब्ल्यू’ आणि लिम्बाखचे एकमेकांवर ठेवलेले दोन ‘एल’ घाईत तलवारींसारखे दिसतात. पॅरिसच्या सॅम्सन या नकला करणाऱ्या कारखान्यानेही मायसेनच्या धर्तीवर भरपूर वस्तू काढल्या. कांदा-नक्षीच्या (मायसेनची प्रसिद्ध निळी-पांढरी नक्षी) थाळीवर ‘मायसेन’ हा शब्द अक्षरांत लिहिलेला असेल, तर तो त्याच गावातल्या टायशर्ट कारखान्याचाही असू शकतो. मायसेनच्या मूळ राजकारखान्याच्या उशिराच्या कांदा-नक्षीत बांबूच्या बुंध्यातही छोट्या तलवारी काढलेल्या असतात. तिथे नजर टाका.

बर्लिनच्या केपीएमची (राजघराण्याचा पोर्सेलिन कारखाना) खूण म्हणजे झिलईखालचा निळा राजदंड. १८३२ पासून कारखान्यातच रंगवलेल्या वस्तूवर क्रूस असलेला राजगोलही दिसतो. राजदंड आहे पण गोल नाही आणि रंगकाम मात्र भरपूर, असे असेल तर रंग बाहेर चढलेला असू शकतो. नुसती ‘केपीएम’ अक्षरे पुरावा धरू नका. सिलेशियातल्या क्रिस्टर कारखान्यानेही तीच वापरली. न्यिम्फेनबुर्गची खूण रंगवलेली नसते. बव्हेरियाची चौकटी असलेली ढाल मातीत दाबलेली असते. होएख्स्टचे चाक, फ्युर्स्टेनबेर्गचा ‘एफ’, लुडविग्सबुर्गचे गुंफलेले दोन ‘सी’ एवढे लक्षात असले तरी बरेच काम भागते.

देशाचे नाव लिहिलेले असेल तर वय आपोआप खाली येते. ब्रिटनचा १८८७ चा आणि अमेरिकेचा १८९० चा कायदा आल्यावर निर्यातीच्या मालावर ‘जर्मनी’ दिसू लागले. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर वस्तू १९४९ नंतरची, मग सोबतची गोष्ट कितीही जुनी असो.

टप्पा ७: बुडावरचे आकडे

मायसेनच्या १९व्या शतकातल्या पुतळीवर साधारणपणे तीन प्रकारचे आकडे असतात: मातीत कोरलेला मॉडेल क्रमांक, जोडणी करणाऱ्याचा दाबलेला अंक, आणि रंगवणाऱ्याचा रंगात लिहिलेला अंक. तिन्ही वहीत उतरवा. कोरलेला क्रमांक समोरच्या मॉडेलशी जुळत नसेल, तर बुडाखालची खूण आणि आकडे कितीही अस्सल वाटोत, पैसे देऊ नका.

बुडाच्या कडेची झीजही इथेच पाहा. खरी झीज असमान असते, चरे सगळ्या दिशांनी जातात. सगळे चरे एकाच दिशेने असतील तर वाळूकागद फिरला आहे.

टप्पा ८: लिलाव, ऑनलाइन खरेदी आणि बिल

जर्मनीत राहणारे मराठी लोक रविवारच्या फ्लोमार्क्टमध्ये (जुन्या वस्तूंच्या बाजारात) किंवा छोट्या लिलावघरांत अशा वस्तू घेतात. त्यांनी यादीतले पाच शब्द पाठ ठेवावेत: ‘बेश्टोसन’ म्हणजे टवका उडालेला, ‘हाररिस’ म्हणजे केसासारखी चीर, ‘ब्रांटरिस’ म्हणजे भट्टीतली चीर, ‘रेस्टाउरियर्ट’ म्हणजे दुरुस्त केलेले, ‘बेशेडिग्ट’ म्हणजे मोडतोड झालेले. बोलीच्या रकमेवर लिलावघराची फी आणि कर चढतो. तो दर आधी विचारून घ्या आणि आपली वरची मर्यादा सगळे धरून ठरवा.

छायाचित्रांवरून घ्यायची असेल तर किमान ही मागा: चार बाजू, पूर्ण बूड, खुणेचा जवळून फोटो, दोन्ही हातांची बोटे, मान मागून, आणि एक फोटो अतिनील उजेडात. मोजपट्टी शेजारी ठेवून उंचीचा फोटोही. यांतला एखादा फोटो द्यायला टाळाटाळ झाली, तर नेमका तोच भाग मोडका आहे असे समजा.

बिलावर ‘मायसेन शैली’ नको. कारखाना, अंदाजे काळ, उंची, आणि दुरुस्ती असल्यास कुठे, हे चारही लिहून घ्या. मुंबईत चोरबाजारात मटन स्ट्रीटवर असे बिल सहसा मिळत नाही; तिथे किंमत केवळ तुमच्या डोळ्यांवर ठरवायची.

> सावधान: भारतात असलेली १०० वर्षांहून जुनी वस्तू परदेशी नेताना १९७२ चा पुरावशेष कायदा आड येतो. ती मूळची जर्मन आहे म्हणून आपोआप सूट मिळते असे धरू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधी विचारा, तिकीट नंतर काढा.

टप्पा ९: घरी आणल्यावर

धुण्याआधी दुरुस्तीच्या नोंदी पुन्हा वाचा. दुरुस्ती असेल, लेस असेल किंवा पितळी बैठक बसवलेली असेल, तर पाण्यात बुडवू नका. मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने धूळ काढा. धड वस्तूसाठी प्लास्टिकचे घमेले, तळाला टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब. एका वेळी एकच वस्तू. नळाखाली धरू नका. डिशवॉशरमध्ये सोने आणि झिलईवरचे रंग विटतात. भांडी घासायची घासणी, चिंच, लिंबू, ब्लीच यांपैकी काहीही वापरू नका.

पोर्सेलिनला कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेने काही होत नाही, पण जुन्या सरसाच्या जोडांना होते. पावसाळ्यात सरस मऊ पडतो आणि आषाढात एखाद्या दिवशी पुतळीचा हात कपाटात पडलेला सापडतो. तसे झाले तर फेव्हिक्विक लावू नका. त्याने जोड एका क्षणात वाकडा बसतो आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्याचे काम दुप्पट होते. तुकडा मऊ कागदात गुंडाळून, वस्तूच्या नावाची चिठ्ठी घालून डबीत ठेवा, आणि पोर्सेलिनचे काम करणारा जाणकार गाठा.

थाळ्या एकावर एक ठेवायच्या असतील तर प्रत्येकीमध्ये फलालीनचा गोल तुकडा घाला. वरच्या थाळीचे बिनझिलईचे बूड खालच्या थाळीचे सोने खरवडते. भिंतीवर टांगायला स्प्रिंगचे तारी हुक नकोत. त्यांचा ताण दिवसरात्र कडेवर असतो, आणि आधीची बारीक चीर एक दिवस आरपार जाते.

प्रत्येक वस्तूसाठी एक कार्ड करा: उंची मिलिमीटरमध्ये, बुडावरचे सगळे आकडे, खुणेचा फोटो, दुरुस्तीच्या जागा, कुठून आणि कितीला घेतली. बुडावर स्टिकर चिकटवू नका, त्याचा डिंक बिनझिलईच्या मातीत मुरतो. कार्डाचा क्रमांक मऊ पेन्सिलने बुडाच्या कडेला लिहिला तरी चालतो.